चोरलेला ड्रॅगन, भाड्याचा किल्ला

इशाची नमाज झाली की आमच्या बीडच्या घराच्या माडीवर दरबार भरतो. भाचा लॅपटॉप उघडतो, कानाला हेडफोन लावतो. एक मित्र पुण्याहून येतो, एक औरंगाबादहून, एक थेट दुबईहून. पुढचे तीन तास ही चौघं कुठल्या ना कुठल्या गुहेत शिरलेली असतात. खाली बसलेल्या आम्हाला फक्त आरडाओरडा ऐकू येतो. ‘अरे दरवाजा मत खोल!’ ‘मर गया रे!’ माझ्या बहिणीला बरेच दिवस वाटायचं, पोरगा क्रिकेटवर सट्टा लावतो.

सट्टा नाही, खेळ आहे. त्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. गोष्टीत कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर दार उघडतं, नाही तर डोक्यावर छत कोसळतं. पूर्वी हे सगळं एका टेबलाभोवती बसून व्हायचं. आता टेबलच इंटरनेटवर गेलंय. रोल ट्वेंटी नावाचं असं टेबल २०१२ मध्ये सुरू झालं, फाउंड्री २०२० मध्ये. पडद्यावर नकाशाचा पट पसरतो, त्यावर सोंगट्या सरकतात, जिथं कोणी पोचलं नाही तो भाग काळा राहतो.

एका रात्री मी चहा घेऊन वर गेलो. पडद्यावर एक ड्रॅगन होता. लाल, खवल्याखवल्यांचा, नाकपुड्यांतून धूर. मी पाहतच राहिलो. विचारलं, “कोणी काढलाय रे हा?”

“क्या मालूम मामू. टेलिग्राम पे मिला.”

नुसता ड्रॅगन नव्हता. अख्खं पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकासोबत आणखी चाळीसेक पुस्तकं. एका फाईलमध्ये बांधलेली, फुकट. पोरांनी त्यातली चित्रं कापून सोंगट्या केल्या होत्या, नकाशे उचलून पट केले होते. सगळा दरबार चोरीच्या मालावर चालला होता, आणि चौघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी बोललो, तर भाच्याकडे तीन उत्तरं तयार होती. ती नीट लिहून काढतो, कारण ती फक्त त्याची नाहीत. बीडमध्ये एमपीएससीच्या नोट्स फिरवणारा, परळीत सिनेमा उतरवून घेणारा, अंबाजोगाईत मेडिकलची पुस्तकं झेरॉक्स करणारा प्रत्येक जण हेच बोलतो. पहिलं, कंपनी एवढी मोठी आहे, तिला काय फरक पडतो? दुसरं, पुस्तकाचे पन्नास डॉलर म्हणजे चार हजारांच्या वर, आपण बीडची माणसं कुठून आणणार? तिसरं, चित्रांशिवाय खेळात मजाच येत नाही, मग करायचं काय?

पहिल्या उत्तराला माझं उत्तर माझ्याच कपाटात आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक लेखसंग्रह आला. पाचशे प्रती. त्यातल्या निम्म्या प्रकाशकाकडे पडून असतानाच कोणीतरी अख्खं पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपच्या गटांवर सोडलं. ज्यांनी ते फुकट वाचलं, त्यांनीच फोन करून अभिनंदन केलं. एका गृहस्थाने तर ती फाईल मलाच पाठवली आणि खाली लिहिलं, ‘वाचा, तुमच्या समाजावर कोणीतरी फार चांगलं लिहिलंय.’ मुखपृष्ठ कोणीतरी आधीच कापून टाकलं होतं. माझं नाव त्याच्यासोबत गेलं.

मी काही मोठी कंपनी नाही. पण फाईल फिरवणाऱ्याला कंपनी आणि माणूस यांत फरक करता येतच नाही. तो विचारतच नाही, पुढे ढकलतो. चोरीची सवय एकदा लागली की ती मोठ्यापाशी सुरू होते आणि लहानापाशी येऊन थांबते. टेलिग्रामच्या त्या गाठोड्यात मोठ्या कंपनीची पुस्तकं होती, तसेच एकेकट्या नकाशे काढणाऱ्यांचे नकाशेही होते. महिन्याला दोन-चार डॉलर वर्गणी घेऊन कुठंतरी एका खोलीत बसून नकाशे काढणारी ही माणसं. त्यांची कमाई मराठी लेखकाच्या कमाईपेक्षा फार वेगळी नसावी.

आपल्यातले काही जण यावर धर्माचा आडोसा घेतात. ‘इल्म पर किसी की मिल्कियत नहीं होती.’ ऐकायला गोड वाटतं. जुन्या पिढीतल्या काही उलमांनी छपाईच्या हक्काबद्दल शंका घेतली होती, हे खरं आहे. पण डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीची बैठक झाली. तिथल्या ठरावाने लेखनाचे आणि शोधाचे हक्क शरियतने राखलेले हक्क मानले आणि त्यांच्यावर हात टाकणं नाजायज ठरवलं. त्यालाही आता साडेतीन दशकं उलटून गेली. देशाच्या कायद्याचं म्हणाल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं त्याचा हक्क राखतो. जाणूनबुजून तो मोडला तर तुरुंगाची शिक्षा सांगतो. पोरांना मी कायद्याचा धाक घालत नाही. माडीवर कोणी पोलीस येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी फक्त एवढंच म्हणतो, की हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, यावर जुम्म्याला बयान ऐकून डोळे पुसायचे आणि घरी येऊन दुसऱ्याची मेहनत उचलायची, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

आता दुसरं उत्तर. पैसे नाहीत.

हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. ज्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, तिथं खेळाच्या पुस्तकावर चार हजार रुपये घाला, असं कुणाला सांगण्याची माझी हिंमत नाही. माझा भाचाही काही लखपती नाही. कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो.

पण भाच्याला जी गोष्ट माहीत नव्हती ती मी शोधून काढली, आणि ती त्याच्या पूर्ण युक्तिवादाखालची चटई ओढणारी आहे. या खेळाचे मूळ नियम फुकट आहेत. चोरून नव्हे, रीतसर फुकट. २७ जानेवारी २०२३ रोजी, या खेळाची मालक असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचा खुला केला. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या आवृत्तीचे मूळ नियमही तसेच खुले झाले. अट एकच. मूळ कुणाचं ते लिहा. बाकी तुम्ही ते वाचा, छापा, बदला, विका, मराठीत आणा. कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

म्हणजे खेळायला जे लागतं ते सगळं हातात होतं. योद्धा कसा लढतो, जादू कशी चालते, ड्रॅगनला किती घाव सोसतात, हे सारं. त्या दस्तऐवजात चित्रं मात्र नसतात. मग टेलिग्रामवरून पोरांनी उचललं काय? चित्रं. गरिबीचा आडोसा इथं संपतो. भूक लागलेल्याने भाकरी उचलली तर मी समजू शकतो. इथं भाकरी समोर ठेवलेली आहे, आणि आपण ताटावरच्या नक्षीसाठी चोरी करतोय.

भाच्याला हे पटलं. पटलं म्हणजे तो गप्प बसला. आठ दिवसांनी येऊन म्हणाला, “मामू, चोरी बंद. आता विकत घेतो.” दुबईच्या मित्राच्या कार्डावरून चौघांनी वर्गणी काढून एका संकेतस्थळावर पुस्तक घेतलं आणि सोबत ‘वाळवंटी शहर’ नावाचा चित्रांचा संच. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं.

कारण मग कळलं, की विकत घेतलं म्हणजे काय. एका टेबलावर घेतलेलं पुस्तक दुसऱ्या टेबलावर उघडेना. तिथं पुन्हा पैसे. छापील पुस्तक घेतलं असतं तर ऑनलाइनसाठी पुन्हा वेगळे पैसे. फाईल उतरवून घ्यायची सोय नाही. मी त्या संकेतस्थळाच्या अटी वाचायला बसलो. पानंच्या पानं इंग्रजी. त्यांचा अर्थ थोडक्यात एवढाच निघाला, की हे पुस्तक तुमचं नाही. तुम्हाला ते बघायची मुभा आहे, आणि ती मुभा आम्ही काढून घेऊ शकतो.

हे काही एका संकेतस्थळाचं पाप नाही. सगळा बाजारच असा झालाय. २००९ साली अॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या प्रती त्यांच्या किंडलवरून पुसून टाकल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हता, हे कारण खरंच होतं. पण कागदी पुस्तक परत न्यायला दुकानदार रात्री तुमच्या घरात शिरत नाही. कॅलिफोर्नियाने तर २०२४ मध्ये कायदाच केला, की परवाना विकत असाल तर ‘खरेदी करा’ असं बटण दाखवताना हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. कायदा करायची वेळ आली, म्हणजे फसगत किती झाली असेल ते बघा.

आमच्या खेळातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. डी अँड डी बियाँड ही या खेळाच्या डिजिटल पुस्तकांची पेढी २०२२ मध्ये हॅस्ब्रोने साडेचौदा कोटी डॉलरहून जास्त पैसे मोजून घेतली. २०२४ मध्ये तिथं पुस्तकातला हवा तेवढाच भाग सुटा विकत घ्यायची सोय बंद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं, की खेळाडूंच्या पात्रांच्या कागदावरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून तिथं नव्या आवृत्तीतले येतील. लोकांनी जुन्यासाठी पैसे मोजले होते. आरडाओरडा झाला, तेव्हा काही दिवसांत निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे चांगलंच. पण माझ्या कपाटातल्या पुस्तकाची पानं बदलायची की नाही, हे दुसऱ्याने ठरवायचं आणि मी आरडाओरडा करायचा, याला खरेदी म्हणत नाहीत. याला भाड्याची खोली म्हणतात. भाड्याने राहणं गुन्हा नाही. भाड्याच्या खोलीला आपलं घर समजून भिंती रंगवत बसणं हा मूर्खपणा आहे.

चित्रांच्या बाबतीत तर कंपनीने २०२३ च्या जानेवारीत कमाल केली होती. ज्या महिन्याच्या शेवटी नियम खुले झाले, त्याच महिन्याची ही गोष्ट. आधी कंपनीचा विचार नियम बंद करण्याचा होता. २००० सालापासून चालत आलेला खुला परवाना रद्द करून नवा, कडक परवाना आणायचा घाट होता. १९ जानेवारीच्या मसुद्यात ऑनलाइन टेबलांसाठी वेगळं धोरण होतं. त्यात असं सुचवलं होतं, की घरच्या टेबलावर जे होतं तेवढंच पडद्यावर चालेल. जादूचा बाण पडद्यावरून सरसर उडत जाऊन शत्रूला लागताना दाखवला, तर ती कल्पनाशक्ती राहत नाही, तो व्हिडिओगेम होतो, म्हणून ते चालणार नाही. कंपनीने मतं मागवली. पंधरा हजारांवर लोकांनी उत्तरं दिली. त्यातल्या ८६ टक्के लोकांनी हे टेबलांचं धोरण नापसंत केलं. सदस्यांनी वर्गण्या रद्द केल्या होत्या त्या वेगळ्याच. आठ दिवसांत कंपनी मागे फिरली आणि नियम खुले करून मोकळी झाली.

मजा अशी, की चित्र दाखवलं की कल्पनाशक्ती मरते, ही काळजी करणारी तीच कंपनी चकचकीत त्रिमितीय टेबल स्वतः बनवत होती. ‘सिजिल’ नावाचं ते टेबल २०२५ च्या फेब्रुवारीत बाजारात आलं, आणि पुढच्याच महिन्यात ते बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांना घरी पाठवलं गेलं. म्हणजे कल्पनाशक्तीची काळजी नव्हतीच. चित्र कोण दाखवणार आणि त्याचे पैसे कोण घेणार, एवढाच सवाल होता.

आणि गोष्ट सांगताना चित्र दाखवावं की नाही, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या एकेक चित्र समोर धरून गोष्ट गातात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अकबराच्या दरबारात अमीर हमजाच्या दास्तानची सुमारे चौदाशे चित्रं तयार झाली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या उस्तादांच्या देखरेखीखाली हे काम पंधराएक वर्षं चाललं. कापडावर काढलेली, हात-हातभर मोठी चित्रं. मजकूर चित्रांच्या मागच्या बाजूला. गोष्ट सांगताना चित्र लोकांपुढे धरता यावं म्हणून ही मांडणी असावी, असं अभ्यासक मानतात. देव, ड्रॅगन, जादूगार, किल्ले, रात्रीचे छापे, सगळं त्यात आहे. आज त्यातली दोनशेच्या आतच उरली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जी आहेत, त्यातली काही १८८१ मध्ये श्रीनगरच्या एका दुकानाच्या खिडक्यांना झडपांसारखी लावलेली सापडली होती. आपण आपल्या चित्रांचं काय केलं, याचा हा दाखला. खिडकीतून थंडी येऊ नये म्हणून अकबराचं चित्र, आणि पोरांच्या खेळासाठी टेलिग्रामवरचा ड्रॅगन.

आता त्या ‘वाळवंटी शहरा’कडे येतो. या लेखाला खरं कारण तेच झालं.

चौघांनी ठरवलं होतं, की या वेळी गोष्ट आपल्याकडची खेळायची. मुसलमान वस्तीतली, दख्खनची. म्हणून तो संच घेतला. उघडून बघितला तर वाळूच्या टेकड्या, उंट, खजुरीची झाडं, कांद्यासारखे घुमट, प्रत्येक छतावर चंद्रकोर, हातात वाकडी तलवार घेतलेला पहारेकरी, बुरख्याआडून डोळे दाखवणारी बाई. मशीद आणि जादूगाराचा वाडा यांत फरक कळत नव्हता. मी भाच्याला विचारलं, “बशीरगंजात तू शेवटचा उंट कधी पाहिलास?”

तो हसला. मग म्हणाला, “पण मामू, मुसलमानांचं शहर म्हणून तर हेच मिळतं.”

हे वाक्य मला लागलं. १९९२ साली याच खेळासाठी ‘अल-कादिम’ नावाचं अरबी कथांवर बेतलेलं जग निघालं होतं. आज त्या काळची पुस्तकं कंपनी स्वतःच, यात जुने पूर्वग्रह असू शकतात, अशी सूचना लावून विकते. सूचना लागली, बाजार बदलला नाही. हिंदी सिनेमात आम्ही सुरमा घातलेले, न्यूज चॅनलवर जाळीची टोपी घातलेले, आणि खेळात उंटावर बसलेले. फरक एवढाच, की सिनेमा आणि चॅनल दुसऱ्याने आपल्यावर लादले. हे चित्र आमच्या पोरांनी स्वतः वर्गणी काढून, डॉलर मोजून विकत आणलं, आणि आपलं म्हणून पटावर ठेवलं. चोरून आणलं असतं तरी हेच झालं असतं. म्हणून म्हणतो, चोरी आणि अशी खरेदी या एकाच आजाराच्या दोन बाजू आहेत. गोष्ट आपली, आवाज आपला, मग डोळे दुसऱ्याचे का?

कोणी म्हणेल, एआयला सांगा, फुकट काढून देईल. तेही करून पाहिलं. बीडची जुनी दगडी विहीर मागितली, तर राजस्थानची पायऱ्यांची बावडी आली, काठावर घागर घेतलेली घागऱ्यातली बाई. ते यंत्र ज्या चित्रांवर पोसलं आहे, त्यांचा चित्रकारांना मोबदला मिळाला का, हा सवाल आहेच. पण तो बाजूला ठेवला तरी जे बीड कुणी काढलंच नाही, ते यंत्राला कुठून ठाऊक असणार?

मग एका रविवारी आम्ही दोघं खजाना विहिरीवर गेलो. सोलापूरच्या रस्त्याने गेलं की लागते. निजामशाहीच्या काळातली, सलाबत खानाच्या नावावर सांगितली जाणारी गोल विहीर. तिला भूमिगत बोगदे आहेत. त्यांतून पाणी यायचं आणि शेतांकडे जायचं. खजिना खर्च करून बांधली म्हणून नाव खजाना, असं लोक सांगतात. भाच्याने पावलांनी घेर मोजला, मोबाइलवर फोटो काढले, बोगद्याच्या तोंडाशी वाकून आत पाहिलं. घरी येऊन चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने नकाशा काढला. दगडांसाठी करड्या रंगाची पेन्सिल, पाण्यासाठी निळी. फोटो काढून तो पडद्यावर चढवला. अशा जुन्या वास्तूचं चित्र काढायला कुणाच्या परवान्याची गरज नाही. आपला कॉपीराइट कायदा तर इमारती नवीन असल्या तरी त्यांची चित्रं काढायला मोकळीक देतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा पूर्ण वेळ वर बसलो. नकाशा काही सुंदर नव्हता. एक बोगदा वाकडा आला होता, चहाचा डागही दिसत होता. पण दुबईचा पोरगा पट बघून ओरडला, “अबे ये तो खजाना बावडी है!” शाळेची सहल तिथं गेली होती, तिथं त्याची चप्पल पाण्यात पडली होती, हे सगळं त्याला आठवलं. मग त्याने आपल्या पात्राला त्याच जागी उभं केलं. खेळाडू तासभर बोगद्यांत खजिना शोधत फिरले. भाच्याने शेवटी सांगितलं, खजिना म्हणजे पाणीच आहे, आणि वरच्या अंगाला कोणीतरी ते अडवून ठेवलंय. बीडच्या पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. कुठल्याही विकतच्या संचात ही गोष्ट मिळाली नसती.

माझं म्हणणं ‘काही विकत घेऊ नका’ असं नाही. उलट, घ्या. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. फाईल माझ्या हातात येणार का, की फक्त बघायची मुभा? मी टेबल बदललं तर ती सोबत येणार का? आणि पैसे ज्याने काढलं त्याच्यापर्यंत जाणार का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर घासाघीस न करता द्या. फाउंड्रीसारख्या टेबलाला एकदाच पैसे पडतात, तेही खेळ चालवणाऱ्या एकालाच. चौघांत वाटले तर परवडतात. एकट्याने काम करणारे कितीतरी नकाशाकार फाईल थेट हातात देतात. भाच्याने मागच्या महिन्यात अशाच एकाचा जंगलाचा नकाशा घेतला, आणि त्याला दोन ओळींचं शुक्रियाही लिहिलं.

ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत, त्यांच्यासाठी रीतसर फुकट इतकं आहे, की आयुष्य पुरणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून हक्क संपलेल्या कलाकृतींची लाखो छायाचित्रं कोणत्याही वापरासाठी खुली केली आहेत. त्यांच्या संग्रहात हमजानाम्याची पानंही आहेत. गेम-आयकॉन्स डॉट नेटवर हजारो चिन्हं आहेत, फक्त काढणाऱ्याचं नाव लिहायचं. ड्रॅगन ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. कल्पनेवर मालकी नसते, तिच्या विशिष्ट मांडणीवर असते, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय. तुमचा ड्रॅगन तुम्ही काढा. धारूरच्या किल्ल्यावर बसवा. किश्वर खानाने १५६७ मध्ये बांधलेल्या त्या किल्ल्याला ड्रॅगनचं ओझं पेलायला हरकत नाही.

आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझा हिशेब. हा लेख लिहायला बसलो तेव्हा माझे जुने लेख उघडून पाहिले. जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर एक चित्र होतं, गुगलवर शोधून उचललेलं. दर्ग्याचं, ईदगाहचं, कुणा म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांचं. कुणी काढलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. ज्या माणसाने माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कापून टाकलं, त्याच्यात आणि माझ्यात फरक उरला नाही. भाच्याच्या देखत ती सगळी काढून टाकली. तो काही बोलला नाही, पण हसत होता. आता ते लेख बोडके दिसतात. हळूहळू स्वतः फोटो काढून लावीन.

खजाना विहिरीचा नकाशा कुणाला हवा असेल तर मागा, फुकट पाठवतो. खेळा, बदला, वाकडा बोगदा सरळ करा. फक्त खाली कोपऱ्यात पेन्सिलीने काढणाऱ्याचं नाव लिहिलंय, तेवढं कापू नका.